बंडीतल्या पाहुण्याबद्दल कूकाताईस

याकिमाचं खोरं,
आयांचा सण होऊन गेल्यानंतरचा मंगळवार

माझी थोरली बहीण आणि माझ्या ग्रिसेल्दाची बाप्तिस्म्याची धर्ममाता कूकाताई, हिच्या दोन्ही हातांचे मुके घेऊन धाकट्या केताचा नमस्कार.

इथे आम्ही सगळे देवाच्या दयेने सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. सुखरूप कोणी नाही. माझं डोकं तापलंय, नवरोबा चेमा ट्रकमध्ये जाऊन बसतो (आपलंच घर सोडून!), आणि ग्रिसेल्दा माझ्याशी फक्त मिठाचं भांडं मागण्यापुरतं बोलते. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम गुडघ्याला लावायचं होतं, बकरीला नाही. बकरीला फरक पडला असेल तर कळव, पण मलम तुझं होतं. पत्र शेजारच्या एदुविहेसच्या दिराबरोबर पाठवतेय, तो शनिवारी गाडीने गावाकडे निघतोय. संध्याकाळी फोन केला असता, पण या घराच्या भिंती बिस्किटाच्या आहेत आणि ग्रिसेल्दाचे कान पोलादाचे.

थोडक्यात सांगते आणि मग लांबण लावते. यारेत्सीला, माझ्या नातीला, माझ्याकडून काढून घेणार आहेत. इमिग्रेशनवाले नव्हेत, पोलीस नव्हेत, माझ्या पोटची ग्रिसेल्दा. चेरीचा हंगाम सुरू झाला, फळं निवडायच्या शेडवरची तिची पाळी लांबली, की पोरगी टेकडीखालच्या पाळणाघरात जाणार. ज्या पोरीची नाळ पडली तेव्हापासून मी तिला न्हाऊमाखू घातलं, जिला माझ्या कुशीशिवाय दुपारची झोप येत नाही, तिला तिथे प्लास्टिकच्या गादीवर झोपवणार आणि खायला गार दूध आणि खारी बिस्किटं देणार. का? तर माझ्या घरात फार कमी बोललं जातं म्हणून. ताई, बसली असलीस तर ऊठ आणि पुन्हा बस. माझ्या घरात! शाळेत दुसरीत मास्तरांनी मला तोंड मिटत नाही म्हणून घरी पाठवलं ते मी परत गेलेच नाही, त्या माझ्या घरात!

हे सगळं सरकारच्या पैशाने झालं. तुला वाटत असेल सरकारचे पैसे म्हणजे रस्ता, दवाखाना. तसलं काही नाही. आमच्या गल्लीतला दिवा थंडीत गेला तो अजून आंधळाच आहे, त्याला पैसे नाहीत. पण विद्यापीठातल्या लोकांना सरकारने पैसे दिले, की जा, आणि कमी कमाईच्या हिस्पॅनिक घरांतली मुलं कशी वाढतात ते बघून या. (हिस्पॅनिक म्हणजे आपण. गावात आपण खालच्या आळीतले होतो. सीमा ओलांडली की एकदम हिस्पॅनिक होतो, कोणी विचारत नाही.) कमाई कमी का, हे बघायला पैसे दिले नाहीत. ते मी फुकट सांगितलं असतं. सफरचंदाच्या शेडच्या मालकाचं नाव आणि त्याच्या नव्या बोटीचा रंग, दोन्ही मला पाठ आहेत.

तर चर्चमधून निघताना एक मुलगी भेटली. ब्रीसा. आईबाप कांद्याच्या शेतात राबलेले, पण ही विद्यापीठात शिकली आणि आता तिकडेच नोकरीला. गोड बोलणारी, केस मात्र दोरीसारखे. म्हणाली, "केताबाई, तुमच्या नातीच्या अंगावर एक दिवस ही बंडी घालायची. खिशात छोटं यंत्र आहे. घरातली मोठी माणसं मुलीशी किती बोलतात, ते यंत्र मोजतं. तुम्ही काही वेगळं करायचं नाही. रोजच्यासारखं राहायचं." पिवळी बंडी, पोटावर खिसा, खिशात काड्यापेटीएवढं यंत्र. ग्रिसेल्दाला फार आवडलं. सही तिनेच केली. मी म्हटलं, घाला बापडे, कापड तरी जाड आहे.

आता तूच सांग. कोणीतरी दिवसभर आपलं बोलणं ऐकायला घरात येणार, तो कोण? पाहुणा! मग तो खुर्चीत बसो नाहीतर पोरीच्या खिशात. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या आईने काय केलं असतं, तेच मी केलं. आदल्या दिवशी अंगण पाणी मारून झाडलं. काचेच्या बशा काढल्या. पहाटे उठून मक्याच्या पिठाच्या कोरुंदा केल्या, हिरव्या पानात बांधून, साय वेगळी ठेवून. यारेत्सीच्या वेण्या अशा आवळल्या की पोरीचे डोळे कानाला टेकले. आणि तिला बजावलं, "हे बघ, बंडीत पाहुणा आहे. मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही. कोणी विचारलं तरच बोलायचं. 'काय' म्हणायचं नाही, 'जी' म्हणायचं." पोरगी गुणी. मान डोलावली आणि ओठ असे मिटले की न्याहारीला उघडताना मला चमचा लावावा लागला.

ब्रीसा सकाळी आली, बंडी घातली, आणि निघाली! मी म्हटलं, "अगं, बस. कोरुंदा गरम आहेत." तर म्हणते, "मला थांबता येत नाही केताबाई, मी असले की तुम्ही वेगळं वागाल. आणि घरातलं खाताही येत नाही, आमचा नियम आहे." माझ्या दारात येऊन, माझी नात मोजायला घेऊन, माझं अन्न नको! सरकारने पैसे देताना तिच्या तोंडालाही कुलूप घालून दिलं होतं. मी तिच्यामागे दार जरा जोरात लावलं. (ते यंत्रात आलं असेल. येऊ दे.)

मग दिवस सुरू झाला. पाहुण्यासमोर नवऱ्याला बोलायचं नाही, ते बरं दिसत नाही. पोरांवर ओरडायचं नाही, तेही बरं दिसत नाही. शेजारणीचं काही उकरायचं नाही, कारण पाहुणा तिच्याकडेही जाणार. शिव्या नाहीत. पैशाचं रडगाणं नाही. मग ताई, राहिलं काय? मी सकाळभर तोंड उघडत होते आणि मिटत होते, तलावातल्या माशासारखी. एकदा म्हटलं, "हवा छान आहे." कोणाला म्हटलं माहीत नाही. एदुविहेस नेहमीप्रमाणे मागच्या दाराने ओरडत आली, तिला मी बोटाने गप्प केलं, तिला वाटलं घरात मयत झालंय. तिने क्रूस काढला, माझा हात दाबला आणि पाय न वाजवता परत गेली. चेमाचं तर विचारू नकोस. त्याचे कागद आता खरे आहेत, चांगले प्लास्टिकमध्ये घातलेले आहेत, पण ऐकणारं यंत्र म्हटल्यावर त्याच्या अंगातली जुनी पळापळ जागी झाली. तो ट्रकमध्ये जाऊन बसला. मी खिडकीतून ताट दिलं. तिथेही तो खुणेनेच म्हणाला, तिखट हवंय.

टीव्ही लावला नाही. रेडिओ लावला नाही. पाहुणा असताना कोण लावतं? दुपारी यारेत्सी माझ्या मांडीवर निजली, मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. हात फिरवलेला त्या यंत्राला ऐकू येत नाही. संध्याकाळी ब्रीसा बंडी घेऊन गेली तेव्हा मी दमून गेले होते. इतकी दमले होते, जितकी सबंध हंगाम सफरचंदं निवडूनही कधी दमले नाही. पण समाधान होतं. म्हटलं, आमच्या घराची अब्रू राहिली. खोऱ्यात एवढं वळणाचं घर त्यांना मिळायचं नाही.

मिळालं नाहीच. थोड्या दिवसांनी ब्रीसा एक चित्र घेऊन आली. उभे खांब काढलेले, एक खांब म्हणजे एक घर. कोणाचा खांब चर्चच्या मनोऱ्याएवढा, कोणाचा पोप्लर झाडाएवढा, आणि कडेला एक दूध काढायच्या स्टुलाएवढा. मी हसले. म्हटलं, "हे बिचारं कोण गं?" ब्रीसा जमिनीकडे बघायला लागली. ग्रिसेल्दा माझ्याकडे.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही, एदुविहेसचा दीर धर्मभोळा आहे आणि पत्र उघडून वाचायची त्याला सवय आहे. (लोरेन्सो, वाचत असशील तर लाज वाटू दे.) पण ब्रीसाला मी विचारलं, "तुझ्या सरकारला वळण आणि मुकेपणा यातला फरक कळत नाही?" ती बिचारी म्हणाली, "मला कळतो केताबाई. यंत्राला कळत नाही." "मग यंत्राला शिकवा, त्यासाठी का पैसे मिळाले नाहीत?" तर म्हणाली, हाच तर अभ्यास आहे, आपल्या घरांत माणसं कशी बोलतात हे कोणी नीट बघितलेलंच नाही, म्हणून तर आम्ही आलो. त्यावर मला काही सुचलं नाही, म्हणून मी तिला घराबाहेर काढलं.

पण ग्रिसेल्दाच्या डोक्यात ते स्टूल बसलं. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "आई, पाळणाघरात तिच्याशी दिवसभर बोलतात. गोष्टी सांगतात. विचारतात."

"इंग्रजीत विचारतात!"

"विचारतात तरी. आई, मी शाळेत गेले तेव्हा पहिलं अख्खं वर्ष मागच्या बाकावर गप्प बसले होते. बाईंना वाटलं मी बहिरी आहे. हिला तसं बसायला लागू नये."

"बाई तुझं कौतुक करायच्या. चांगल्या वळणाची मुलगी म्हणायच्या."

"त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, आई."

मी म्हटलं, मीठ दे. तेव्हापासून मिठावर आहोत.

पण मी अशी सोडणारी नाही. मी ब्रीसाला फोन केला. म्हटलं, पुन्हा ये आणि पुन्हा मोज. आता पाहुणाबिहुणा काही नाही, आता या घराचा खरा आवाज घेऊन जा, आणि यंत्राला कापूस लावून आण. ती म्हणाली, खरं तर दुसऱ्यांदा यायचंच आहे, अभ्यास तीन वर्षांचा आहे, दर वर्षी मोजतात, पण तुमच्यासाठी लवकर आणते. दिवस ठरला. मी गल्लीला आमंत्रण दिलं. एदुविहेसला सांगितलं, घसा साफ करून ये. चेमाला सांगितलं, ट्रकची किल्ली माझ्याकडे. ग्रिसेल्दाला म्हटलं, त्या नव्या खांबाला शिडी लावून चढशील तू. तिने कबूल केलं, की खांब उंच आला तर पोरगी माझ्याकडे राहील. शब्द दिला तिने, ताई.

आणि त्या दिवशी ब्रीसा आली ती डोळे सुजवून. सरकारने पैसे बंद केले. राजधानीतून कळवलं, की हा अभ्यास आता सरकारच्या कामाचा नाही. एवढंच. का नाही, कोणाच्या कामाचा, काही नाही. अर्धी घरं मोजून झालेली, अर्धी राहिलेली, खोऱ्यातल्या सगळ्या बंड्या गोळा करून खोक्यात भरायच्या, आणि ब्रीसाची नोकरी महिनाअखेर संपणार. ती आमची बंडी मागायला आली होती. दिवस ठरला तेव्हाच ती तिने आमच्याकडे आणून ठेवली होती.

ताई, मी तुला आयुष्यात पुष्कळदा चिडलेली दिसले असेन. हे वेगळं होतं. म्हणजे मी गप्प असताना त्यांच्याकडे ऐकायला पैसे होते, आणि मी तोंड उघडणार म्हटल्यावर पैसे संपले! आमच्या दाराशी यायला कोणी सांगितलं होतं? मी बोलावलं होतं? आलात, मोजलंत, पोरीच्या आईच्या डोक्यात स्टूल ठेवलंत, आणि आता म्हणता आमचं काम नाही? अर्धवट विणलेला स्वेटर कोणी अंगावर घालतं? मग माझ्या घराबद्दल सरकारच्या कपाटात कायमचं काय राहणार? की केता नावाची बाई होती, एक दिवसात एकदा म्हणाली हवा छान आहे.

ब्रीसाला मी म्हटलं, "मोज तू."

"केताबाई, विद्यापीठातली मोजायची यंत्रं बंद करून टाकली. ही बंडी चालते, पण आत जे जाईल ते आतच राहील. ते कोणी मोजणार नाही."

"मग तू बस आणि ऐक. तुला कान आहेत ना?"

ती बसली. यारेत्सीला बंडी घातली आणि मी तोंड उघडलं. एदुविहेस होतीच. शेडच्या मालकापासून सुरुवात केली, बोटीवरून आले, मग चेमाची बहीण, मग तुझी बकरी, मग फाउस्तिनोकाकाचं गाढव चर्चमध्ये शिरलं होतं ती सगळी कथा, आवाजांसकट. चेमासुद्धा बोलला! त्याने ट्रकच्या गिअरबद्दल असं काही भाषण केलं की मला आमच्या लग्नाचे दिवस आठवले. (तेव्हाही गिअरबद्दलच बोलायचा.) आणि ब्रीसाने कोरुंदा खाल्ल्या. नियम गेला ना पैशाबरोबर! पानं सोडत होती, साय घालत होती, खात होती आणि रडत होती. म्हणाली, माझी आई अशाच करायची, दोन वर्षं मी घरोघर हा वास घेत हिंडतेय. मला राग आला. एवढी शिकवली पोरगी, आपल्या लोकांना प्रश्न विचारायला शिकवली, आणि आता म्हणतात प्रश्नच नकोत. मी तिच्या डब्यात आणखी भरून दिल्या.

संध्याकाळी ग्रिसेल्दा आली. ब्रीसा तिला म्हणाली, मी स्वतः ऐकलंय, हे घर खोऱ्यातलं सगळ्यात मोठ्याने बोलणारं घर आहे. ग्रिसेल्दा म्हणाली, "खांब कुठे आहे?" खांब नाही. खांब काढायचे पैसे सरकारने परत नेले. "मग ठरलं तेच ठरलं," म्हणाली, आणि आत गेली. हट्टी आहे. कोणावर गेली कोण जाणे.

तर असं आहे. चेरी पिकायला लागल्या आहेत आणि माझ्याकडे खांब नाही. गावातल्या सगळ्यांना आठवण सांग, चुलतभावाच्या बायकोला सोडून.

तुझी धाकटी,
केता

ता. क. आता कामाचं. तू ग्रिसेल्दाची धर्ममाता आहेस. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तूच तिला धरलंस, तुझ्या शब्दापुढे तिला जाता येत नाही, माझ्या शब्दावरून ती रोज चालत जाते. रविवारी तिला फोन कर आणि हुकूम दे, की पोरगी आजीकडेच राहील. कारण सांगू नकोस. कारण सांगितलं की ती वाद घालते.

ता. क. दुसरा, गुरुवारी लिहितेय. वरचं खोडणार होते पण शाई वाया जाते. ग्रिसेल्दाला फोन करू नकोस. थांब, सांगते.

ब्रीसा काल बंडी न्यायला आली, त्या दिवशी ती इथेच राहिली होती. जायच्या आधी म्हणाली, यंत्रातलं मोजता येत नाही पण ऐकता येतं, ऐकायचंय का? मी म्हटलं, लाव, गाढवाची कथा कशी रंगली होती ते बघू. तिने लावलं. ताई, ते यंत्र यारेत्सीच्या पोटावर होतं ना, म्हणून जिथे ती, तिथून ऐकू येतं. मी, एदुविहेस, चेमा, सगळे लांब, वरून कुठूनतरी, जसे चर्चमधले मोठे लोक. आणि जवळ फक्त तिचा श्वास. तिच्याशी मी काय बोलले माहीत आहे? खाली बस. नाक पूस. कुत्र्याला हात लावू नकोस. नको म्हटलं ना. आणि गाढव चर्चच्या दारात आलं तेव्हा एक बारीक आवाज येतो, अगदी जवळून, "आजी, मग?" पुन्हा, "आजी, मग काय झालं?" आणि लांबून माझा आवाज येतो, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.

ब्रीसाने लगेच बंद केलं. शहाणी मुलगी आहे. म्हणाली, सगळ्या घरांत असंच असतं. असेल. सगळ्यांच्या घराशी मला काय करायचंय.

म्हणजे सरकारचं बरोबर होतं असं नाही! ते चूकच. पैसे दिले तेही चूक, काढून घेतले ते दुप्पट चूक. पण ताई, काल रात्री मी तिला गोष्ट सांगायला बसले. आई सांगायची ती, कोल्होबा विहिरीतला चंद्र चीज समजून खायला जातो ती. कोल्होबा विहिरीपर्यंत आणला, आणि पुढे मला काही येईना. तो ससा होता की पोसम? त्याने कोल्होबाला काय सांगितलं? मला एवढंच आठवतं, की आपण पांघरुणात तोंड घालून हसायचो, आणि तू मला चिमटा काढायचीस. तुला सगळ्या येतात. तू मोठी होतीस, जागी असायचीस.

तर फोन माझ्याकडे कर, सकाळी, ग्रिसेल्दा शेडवर गेल्यावर. कोल्होबाची सांग, आणि ती म्हातारीची, आणि भोपळ्याचं गाणं, कोडी पण. सावकाश सांग, मला पाठ करायच्या आहेत. चेरी संपेपर्यंत रोज एक. ग्रिसेल्दाने एक दिवस दारातून यावं आणि पोरीच्या तोंडून ऐकावं, बस. ब्रीसाला, एदुविहेसला आणि सरकारला यातलं काही कळवायचं नाही. (लोरेन्सो, तुलाही नाही.)

फोनचा आवाज मोठा करून ठेवीन. यारेत्सी मांडीवर असेल. ती "मग?" म्हणाली की तिला उत्तर दे. मी गप्प बसेन.